सणाचा शब्द आणि पहिला वेचा



दसरा सरला की कापूसपट्ट्यात शेताचा हंगाम आणि सणाचा हंगाम एकदम अंगावर येतात. सीतादही होऊन वेचणी सुरू होते, खरिपाची ज्वारी कापणीला येते, रब्बीची पेरणी ओल उडण्याआधी उरकायची असते. याच दिवसांत आपण शब्द देत सुटतो. कृषी केंद्रवाल्याला 'दिवाळीला देतो', सावकाराला 'दिवाळीला देतो'. लेकीची बोळवण, जावयाचे कपडे, मंदिराची वर्गणी, सगळे एकाच वेच्याच्या भरवशावर.

हिशेब मांडून पाहा. समजा, पहिल्या वेच्याला चार क्विंटल कापूस आला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे ३२,४४० रुपये. पण हा भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे दर टक्क्याला कपात आणि १२ टक्क्यांवर कापूस महामंडळ माल घेतच नाही. दवाचा पहिला वेचा तर ओलाच असतो. तो दोन-तीन दिवस उन्हात घालावा, नोंदणी करावी, केंद्र उघडण्याची वाट पाहावी, पैसे खात्यावर येईपर्यंत थांबावे. आपला शब्द मात्र धनत्रयोदशीचा! मग दारात काटा घेऊन आलेल्या खेडा खरेदीवाल्याला माल जातो. त्याने क्विंटलला १,२०० रुपये कमी दिले, तर ४,८०० रुपये गेले. काट्यातली मारामारी वेगळीच.

सरकार लुटते हे आम्ही बारा महिने सांगतो. २०२५ साली ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले गेले, ते विसरायचे नाही. पण वरचे ४,८०० रुपये दिल्लीने नेलेले नाहीत. तारीख आपण बोललो आणि व्यापाऱ्याने ती ऐकली.

आणखी एक. शब्द देतो घरधनी, निभावते घरची बाई. दिवसभर कापूस वेचायचा, रात्री फराळाचे तळण, पहाटे सारवण, वर पाहुण्यांची उठबस. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. तिथून परतताना जे बोललो, ते दिवाळीच्या आठवड्यात कुठे जाते? कोणाला जेवायला बोलवायचे, कोणाकडे जायचे, हे आधी तिला विचारा. चार घरचे आमंत्रण नाकारले तर नाक कापले जात नाही.

कृषी केंद्रवाल्याला तारीख सांगू नका. 'माल विकला की' एवढेच सांगा, जमेल तेवढे आज द्या आणि पावती घ्या. लेकीला खरी परिस्थिती सांगा. ती शेतकऱ्याचीच पोर आहे.

कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. या बैठकीत उत्साहाच्या भरात गावाच्या वतीने वर्गणीचा आकडा कोणी बोलू नये. तो पौषात, दुसरा वेचा विकल्यावर लिहावा. तोवर वही कोरी राहिली तरी चालेल.