हात थांबला, तर घर कोण चालवणार?

जबलपूरचे कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभे आहे. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते. त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले आणि त्यांचे भाषण बंधू शरदचंद्रांनी वाचून दाखवले. भाषण दुसऱ्याला वाचता येते. पण याच गेटजवळच्या बाजारात जो एकटा मशीनवर बसून कपडे शिवतो, त्याचे काम कोण करणार?

तिथेच शिलाईचे दुकान असलेल्या एका ओळखीच्या घरी हा विषय निघाला. वहिनी निर्धास्त होत्या. ''आमचा पाच लाखांचा आरोग्यविमा आहे ना!''

''पण भाऊंचा उजवा हात मोडला आणि चार महिने मशीन बंद राहिले तर?'' मी विचारले.

वहिनींनी हिशेब मांडला. दुकानाचे भाडे, मुलांची फी, किराणा मिळून महिन्याला पंचवीस हजार; चार महिन्यांचा एक लाख. आरोग्यविमा रुग्णालयाचे बिल देईल, हा लाख देणार नाही. नोकरदाराला निदान पगारी रजा असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे दुकान बंद, म्हणजे कमाई बंद.

म्हणून पॉलिसी घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

रुग्णालयाचा खर्च कोण देईल? खोलीभाड्याची मर्यादा आणि बिलातला आपला वाटा किती, ते पाहा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. मधुमेह, रक्तदाब लपवू नका. दावा तिथेच अडकतो.

अपघात झाला तर? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपये मिळतात. ती जरूर घ्या. पण मोडून पुन्हा जुळणाऱ्या हाडासाठी तिच्यातून काही मिळत नाही. त्यासाठी 'तात्पुरत्या अपंगत्वा'त दर आठवड्याला रक्कम देणारा अपघात विमा हवा. ही रक्कम उत्पन्नावर ठरते. म्हणून आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा.

आजाराने काम थांबले तर? अर्धांगवायूला अपघात विमा लागू होत नाही. गंभीर आजारांच्या पॉलिसीत ठरलेली रक्कम एकदम मिळते. मात्र यादीत कोणते आजार आहेत, ते आधी वाचा.

याशिवाय तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवा. लहानसहान दुखण्यांत तोच उपयोगी पडतो.

निघताना पाहिले, तर वहिनींनी कपाटातून पॉलिसी काढून भाऊंच्या हातात दिली होती. ''हप्ता सहा वर्षे भरतोय,'' भाऊ म्हणाले, ''वाचतोय मात्र आजच!''

तुमची पॉलिसी तुम्ही वाचली आहे का?