बर्फातली करवंदे

वर्तकनगरातल्या आमच्या गच्चीवरून येऊरचा डोंगर दिसतो. वैशाखात तिथल्या पाड्यांवरच्या बायका करवंदांचे द्रोण घेऊन खाली उतरल्या, की आमची आई हमखास सुस्कारा टाकायची, "माझ्या पोरीला तिकडे कुठली करवंदे!"

पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती कॅनडात, विनिपेगला असते. थंडीत तिथे पारा कधीकधी उणे ३० च्याही खाली जातो. पहिल्याच हिवाळ्यात ती फोनवर रडली. "दादा, मी परत येते," म्हणाली. आईने त्याच दिवशी तिची खोली झाडून ठेवली.

वसंतात शेजारच्या आजीबाईंनी तिला रेड करंटची एक काडी दिली. रेड करंट म्हणजे लालचुटुक, आंबट मण्यांचे घोस धरणारे झुडूप. (करंट हे नाव मुळात मनुकांचे, ग्रीसमधल्या कॉरिंथवरून पडलेले, या फळांनी ते उसने घेतले. आपल्या करवंदालाही साहेबाने 'बेंगॉल करंट' करून टाकले, ते निराळेच!)

मला वाटले, बर्फ या काडीला गिळणार. पण पाने गाळून निजलेल्या या झुडपाला उणे ३५ ची थंडीही बाधत नाही. उलट ती निज मिळाली नाही तर ते धड फुलत नाही. तेव्हा ठाणेकरांनी याच्या नादी लागू नये. घात होतो तो वसंतात. चार उबदार दिवसांना भुलून फुले उमलतात आणि मागून आलेली एकच कडाक्याची रात्र ती जाळून टाकते. म्हणून बहिणीने ते घराच्या उत्तरेला लावले, जरा उशिराच जागे व्हावे म्हणून. मुळे वरवर पसरतात, त्यांवर पेंढा अंथरला. फळ चांगले धरते ते दोन-तीन वर्षांच्या फांद्यांवर. त्याहून जुनी फांदी बुडापासून छाटायची. हे छाटणे मात्र तिच्या अगदी जिवावर येते.

चौथ्या वर्षी जुलैत घोस लागले. पाखरे टपलेलीच होती. तिने आईची जुनी साडी झुडपावर पांघरली, आणि हाती आलेल्या फळांचा गूळ, मेथी, तिखट घालून मेथांबा केला!

"आंबट आहेत का गं?" आईने फोनवर विचारले.

"करवंदाइतकी नाहीत, आई. पण चालतात."

त्या खोलीत आईने आता लोणच्याच्या बरण्या मांडल्या आहेत.