पाळीवर रोवलेले फावडे

वैशाखातली दुपार होती. शहापूरला महामार्गाच्या कडेला चहाच्या टपरीवर मी बसलो होतो. तेवढ्यात ओळखीचे एक शेतकरी सायकल टेकवून समोर येऊन बसले. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांनी मोकळेपणाने बोलावे एवढा माझ्यावर विश्वास टाकला, तो जपायला हवा. साडेतीन एकर धानाची जमीन. थोरला मुलगा बी.एस्सी. कृषी होऊन हॉलंडला, वागेनिंगेनच्या विद्यापीठात पाण्याचे व्यवस्थापन शिकायला गेलेला. थोडी शिष्यवृत्ती मिळाली, बाकीच्यासाठी बँकेचे कर्ज काढले आहे.

त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. फोटोत मुलगा पवनचक्कीपुढे उभा, शेजारी एक परदेशी मित्र. दुसऱ्या फोटोत दोघे सायकलवर, तिसऱ्यात समुद्राच्या काठी डबा उघडून बसलेले.

"साहेब, पोरगा शिकाले गेला का हिंडाले गेला, तुमीच सांगा. इथं हप्त्याचा घोर लागला हाये अन् हा मित्र घेऊन गावं पाहून राह्यला."

बापाचा राग खोटा नव्हता. मी एवढेच म्हणालो, "भाऊ, आधी त्याला विचारू, मग ठरवू." रात्री मुलाला फोन लावला. त्याने जे सांगितले ते ऐकून मी वहीच उघडून बसलो. आजचा मजकूर त्या वहीतला आहे.

मुलाचा मित्र व्हिएतनामचा, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या धानकऱ्याचा मुलगा. दोघांची ओळखच धानावरून झाली. रोवणीनंतर बांधीत पाणी किती ठेवायचे यावर पहिल्याच आठवड्यात वाद झाला आणि मैत्री जमली. ईस्टरची सुट्टी लागली तेव्हा दोघांनी ठरवले की पुस्तकात शिकलो ते डोळ्यांनी पाहायचे. आठवड्याचे ठरावीक तास काम करून साठवलेले पैसे, ब्रेड आणि घरून गेलेली जवसाची चटणी, एवढ्यावर प्रवास झाला. कर्जातला पैसा त्यात नव्हता.

पहिल्यांदा ते किंडरडाइकला गेले. तेथे 19 पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांतल्या बहुतेक 1740 च्या सुमारास बांधलेल्या. आपल्याला वाटते, पवनचक्की म्हणजे पीठ दळायची किंवा वीज करायची. या चक्क्या पाणी उपसायच्या. सखल शेतातले पाणी वर कालव्यात चढवायचे आणि तेथून नदीत सोडायचे, हे त्यांचे काम. त्या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपण पाणी यावे म्हणून आभाळाकडे पाहतो, ते लोक पाणी जावे म्हणून शतकानुशतके झटत आले.

मग दोघे उत्तरेला त्या प्रसिद्ध बांधावर गेले. हा बांध 32 किलोमीटर लांब आहे. 1932 साली तो पुरा झाला आणि समुद्राचा एक मोठा फाटा तुटून त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. याची योजना कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरने 1891 सालीच मांडली होती. 1916 साली मोठा पूर आला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले आणि 1918 साली कायदा झाला. लेली 1929 साली वारला. बांध पुरा झालेला त्याने पाहिला नाही. आंबा लावणारा आंबा खातोच असे नाही.

त्या सरोवरातून पुढे टप्प्याटप्प्याने जमीन काढली. 1942 मध्ये एक तुकडा कोरडा झाला, 1957 मध्ये दुसरा, 1968 मध्ये तिसरा. पाणी उपसल्यावर खाली उरला नुसता चिखल, माणूस उभा राहील तर रुतेल असा. तेव्हा विमानातून बोरूसारख्या गवताचे बी पेरले. त्या गवताने चिखलातले पाणी शोषले, मुळांनी जमिनीला भेगा दिल्या, हवा खेळली. मग मोहरीच्या जातीचे पीक, मग गहू आणि बटाटा. जमीन तयार करायलाही आधी पीकच घ्यावे लागते, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटेल.

त्याच भागात स्कोकलंड नावाची जागा आहे. एके काळी ते बेट होते. समुद्र काठ खात गेला, म्हणून 1859 साली राजाच्या हुकुमाने लोकांना बेट सोडावे लागले. आज त्या बेटाच्या चारी बाजूंना शेती आहे. मुलगा म्हणाला, "काका, जिथून माणसं पाण्याच्या भीतीनं उठून गेली, तिथं आम्ही बटाट्याच्या सऱ्या पाहिल्या."

परंतु त्याला सर्वांत जास्त लागली ती एक जुनी रीत. त्या देशात पूर्वी बांधाचा तुकडा ज्याच्या जमिनीशी जोडलेला, त्यानेच तो राखायचा, असा रिवाज होता. ज्याला राखणे झेपत नसे, तो आपले फावडे बांधावर रोवून निघून जाई. जमीनही तेथेच सोडावी लागे. जो ते फावडे उपटून घेईल, त्याची जमीन आणि त्याचीच बांधाची जबाबदारी. कारण एकाचा तुकडा फुटला तर सगळ्या गावाचे शेत बुडणार. आज तसे राहिले नाही. आज पाण्याची 21 मंडळे आहेत, त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. लोक त्यांच्यासाठी वेगळा कर भरतात आणि दर चार वर्षांनी मतदान करतात. एवढे करूनही 1953 च्या फेब्रुवारीत वादळाने बांध फोडले आणि 1,836 माणसे गेली. तेव्हापासून ते आणखी सावध झाले.

आपल्याकडची एक जुनी गोष्ट येथे आठवते. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे देशाच्या स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणी अमेरिकेत गेले आणि तेथे शेतकी शिकले. पुढे 1924 पासून मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी शिकवले, मक्यावर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. 2022 साली चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. वर्गात बसून शिकणारे पुष्कळ असतात. परमुलखातल्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो, त्याचे शिक्षण जास्त दिवस टिकते.

पुढच्या रविवारी मी त्या शेतकऱ्याला घरी बोलावले आणि मुलाला फोन लावून दिला. वाटले होते बापलेकाची समजूत होईल आणि चहा पिऊन आम्ही उठू. पण मुलाने वेगळेच विचारले.

"बाबा, आपल्या तलावाचा पाट शेवटच्या बांध्यांपर्यंत काहून जात नाही?"

बापाने मान खाली घातली. कारण मला ठाऊक होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांनी ट्रॅक्टर लावून आपल्या धुऱ्याचा पाट बुजवला आणि दोन बांध्यांची एक केली. त्यांच्या आधी दोघांनी, नंतर चौघांनी तेच केले. पाट तुटला तशी खालच्या लोकांची तलावावरची माया तुटली. पाळीवर बेशरम माजली, गाळ साचला. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे : बुजलेला पाट मी तेव्हा पाहिला होता. बोललो नाही. उलट खालच्या लोकांना बोअरचा सल्ला दिला, कारण तो सोपा होता.

वाचकहो, आपला भंडारा जिल्हा तलावांचा. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी गोंड राजांच्या आश्रयाने उतार पाहून, माती पाहून हे तलाव बांधले. पाळ, सांडवा, पाट आणि पाणी वाटणारा पाणकर, अशी सारी व्यवस्था गावाची होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, त्यांतले बहुतेक आज जिल्हा परिषदेकडे आहेत. पण त्याबरोबर "तलाव आता सरकारचा" असे म्हणून गावाने हात झटकले. हॉलंडच्या शेतकऱ्याने फावडे रोवले तर त्याला जमीन सोडावी लागे. आपण फावडे रोवले आणि जमीन मात्र धरून ठेवली.

तेव्हा पावसाआधी दरवर्षी चार गोष्टी करा.

पहिली, पाळीवर वड, पिंपळ, बेशरम यांची रोपे लहान असतानाच काढा. मोठ्या झाडाची मुळे कुजली की त्याच वाटेने पाणी झिरपते. झाड मोठे झाले असेल तर आपल्या मनाने उपटू नका, पाळीला भगदाड पडेल. संबंधित अभियंत्याला दाखवा.

दुसरी, उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे शोधून चिकण मातीने ठोकून बुजवा.

तिसरी, सांडवा मोकळा ठेवा. जास्त पाणी साठावे किंवा मासळी वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर दगड-पोती रचतात. मोठा पाऊस आला की पाणी पाळीवरून जाते आणि पाळ फुटते.

चौथी, गाळ परवानगीने आणि वरवरचाच काढा. पाळीच्या पायथ्याशी खोदू नका, तळाची चिकण माती उघडी पाडू नका, नाहीतर तलावात पाणी थांबणार नाही. शेतात गाळ टाकण्याआधी त्याची माती परीक्षणात तपासणी करून घ्या आणि हलक्या जमिनीत पातळ थर पसरा.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हे विचाराल. ज्येष्ठात पऱ्हे टाकायच्या आधी एका सकाळी ते एकटेच फावडे घेऊन धुऱ्यावर गेले आणि आपल्या हद्दीतला पाट उकरू लागले. मी दुपारी गेलो तेव्हा तीस-चाळीस पावले पाट मोकळा झाला होता. मीही शर्ट काढून तासभर माती ओढली. दुसऱ्या दिवशी कंबरेने जाब विचारला. शेजारच्या दोघांनी बांधावरून पाहिले. त्यातला एक तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला. दुसरा अजून आलेला नाही. पाट अजून शेवटच्या बांधीपर्यंत पोचलेला नाही, आणि खोटे सांगून तुमचे मन रिझवण्यात अर्थ नाही.

पण त्या दिवशी त्यांनी मला आपला एक फोटो काढायला लावला. उकरलेल्या पाटात उभे, हातात फावडे, धोतराला चिखल. तो त्यांनी मुलाला पाठवला. खाली काय लिहू, म्हणून मी विचारले.

"लिहा, साहेब," ते म्हणाले, "मी बी फिराले आलो हावो, म्हना."

ज्यांची मुले परमुलखात शिकत आहेत त्यांनी हप्त्याचा हिशेब जरूर विचारावा. त्याबरोबर हेही विचारावे, "या महिन्यात काय पाहिलेस?" आणि त्याने उलट आपल्यालाच काही विचारले, तर उत्तर देण्याची तयारी ठेवावी.