अर्धा दिवस आणि १९ महिने
गाणं गाजलं की चर्चा होते ती हुकस्टेपची, रील्सची आणि व्ह्यूजची. गीतकार बहुधा बाजूलाच राहतो. म्हणून हैदराबादच्या तेलुगू चित्रसृष्टीतलं 'नाटू नाटू' कसं घडलं, हे नीट पाहायला हवं. 'आरआरआर' या चित्रपटासाठी संगीतकार एम. एम. कीरवाणींनी ६/८चा ठेका धरला आणि गीतकार चंद्रबोस यांनी सुमारे ९० टक्के गाणं अर्ध्या दिवसात लिहून काढलं. उरलेल्या थोडक्या ओळींनी मात्र १९ महिने घेतले. या शब्दांत नुसता नाचाचा जोश नाही. तेलंगणातल्या खेड्यात वाढलेल्या कवीची लाल ज्वारीची भाकरी आहे, सोबत मिरचीचा ठेचा आहे, देवीची जत्रा आहे, वडाच्या सावलीत जमलेली पोरं आहेत. नांदेड-लातूरच्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. कालभैरव आणि हैदराबादेत वाढलेला राहुल सिप्लिगंज यांनी ते मोकळ्या गळ्यानं गायलं. प्रेम रक्षित यांनी नाच बसवला, २०२१मध्ये कीव्हच्या राजवाड्यासमोर चित्रीकरण झालं आणि मार्च २०२३मध्ये भारतीय चित्रपटातल्या गाण्याला पहिल्यांदाच ऑस्कर मिळालं. जगाला रुचेल असं गुळगुळीत काही लिहिलं असतं, तर ते गर्दीत हरवलं असतं, अशी माझी खात्री आहे. आपल्या मराठी निर्मात्यांनी गीतकाराला चार दिवसांची मुदत देताना एवढं ध्यानात ठेवावं: ठेका माणसाला उठवतो, पण गाणं मनात घर करतं ते नेमक्या शब्दांमुळे, आणि त्या शब्दांना वेळ द्यावाच लागतो.