कॉस्टिक सोडा आणि पाण्याचा नळ
साखर कारखान्यांत बाष्पीभवन पात्रांत साचलेला थर काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला जातो. हा तीव्र अल्कली त्वचेतील मेदाचा साबण करीत खोलवर उतरतो. डोळ्यात गेल्यास दृष्टीच हिरावू शकतो. पहिला उपाय एकच : तत्क्षणी, किमान 15 मिनिटे वाहते पाणी. परंतु 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ते गृहीत धरता येईल काय?

भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांची माहिती कामगारांस देणे बंधनकारक झाले. तथापि केवळ माहितीने डोळा धुतला जात नाही. चष्म्याचा व नळाचा खर्च कारखान्याच्या जमाखर्चात दिसतो. गेलेल्या दृष्टीचा भार मात्र कामगाराच्या घरावर पडतो. म्हणूनच धोक्याचे मूल्यमापन करताना रसायनाच्या उग्रतेबरोबरच नळ किती पावलांवर आहे, हेही मोजले पाहिजे.