छायाचित्रांचे नवे सॉफ्टवेअर : घ्यावे की न घ्यावे?

तंजावरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्या नगरीत नांदणारे. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आजेसासूबाईंच्या पेटीत सव्वाशे जुनी छायाचित्रे निघाली आहेत. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेने काहींवर बुरशी आली आहे, काही पिवळी पडली आहेत, तर काहींच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. चिरंजीवांचे म्हणणे असे की, छायाचित्र-संपादनाचे नवे सॉफ्टवेअर घ्यावे, म्हणजे सारी चित्रे नव्यासारखी होतील. यजमानांना हा खर्च वायफळ वाटतो. प्रश्न एका घरचा असला तरी तो आज अनेक घरांत निघतो. म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करू.

छायाचित्रावर हात फिरवण्याची कला संगणकाबरोबर जन्मास आली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनिअस ट्राइप यांनी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे घेतली. त्या काळच्या रसायनांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई; त्यामुळे छायाचित्रात आकाश कोरे, पांढरे उमटे. ट्राइप आपल्या कागदी निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून त्या कोऱ्या आकाशात ढग रेखीत. याच मंदिराच्या विमानाच्या पायथ्याशी कोरलेल्या शिलालेखांची त्यांनी २१ छायाचित्रे घेतली व ती जोडून सुमारे १९ फूट लांबीचे एकच चित्र सिद्ध केले. आज संगणक जे करतो, ते त्यांनी कुंचला व खळ घेऊन केले.

आता विचार करा. आकाशात एखादा ढग हाताने काढलेला असला, तर मंदिराचे काही बिघडत नाही. पण शिलालेखातील पुसट अक्षर कोणी आपल्या तर्काने भरून काढले, तर तो लेख अभ्यासकाच्या कामाचा राहत नाही. घरच्या छायाचित्रांनाही हाच न्याय लागू आहे. धूळ, ओरखडे, पिवळेपणा, बुरशीचे डाग हे काळाने वर चढवलेले मळ होत. ते काढण्यात दोष नाही. मात्र चेहरा, दागिना, वस्त्र, पाठीमागच्या भिंतीवरील पाटी हा चित्रातील लेख आहे. तो भरून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नव्या सॉफ्टवेअरची जाहिरात नेमकी येथेच मोहात पाडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर एका कळीसरशी पुसट चेहरा स्पष्ट होतो, असे सांगण्यात येते. प्रत्यक्षात घडते ते असे : त्या यंत्राला असंख्य चेहऱ्यांवरून शिकवलेले असते, आणि त्यावरून येथे डोळा कसा असावा, ओठ कसे असावेत, याचा ते अंदाज बांधते. परिणाम सुबक दिसतो; परंतु तो चेहरा पणजीबाईंचाच असेल याची शाश्वती नसते. नाकातील नथ म्हणजे कागदावरील डाग, असे समजून यंत्र ती पुसूनही टाकील. शिवाय अशी काही साधने काम घरच्या संगणकावर न करता चित्र कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवतात. घरातील लेकीसुनांची चित्रे तेथे जावीत की नाही, हे आधी ठरवावे.

यानंतर हिशेबाकडे वळू. प्रथम छायाचित्रांची वर्गवारी करावी. समजा, सव्वाशेपैकी १०० चित्रांना केवळ सरळ करणे व उजळणे पुरेसे आहे. प्रत्येकी ५ मिनिटे. वीस चित्रांवर डाग व ओरखडे आहेत. प्रत्येकी ४५ मिनिटे. पाच चित्रे चेहऱ्यावरच फाटली आहेत. ती बाजूला ठेवू. हे सारे मिळून १४०० मिनिटे, म्हणजे सुमारे साडेतेवीस तास झाले. दर रविवारी दोन तास दिले, तर बारा रविवारांत काम संपते. गरज तीन महिन्यांची आहे, ही गोष्ट दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ध्यानात असावी.

कारण अलीकडे असे सॉफ्टवेअर बहुधा विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. १९९० मध्ये बाजारात आलेले प्रसिद्ध फोटोशॉप पूर्वी एकदा पैसे मोजून कायमचे घेता येई. २०१३ मध्ये त्याच्या अडोबी कंपनीने नव्या आवृत्त्या वर्गणीनेच देण्याचे धोरण जाहीर केले. वर्गणी थांबली की काम थांबते. हत्ती दारी आणणे सोपे, त्याला रोज चारा घालणे कठीण, अशातला हा प्रकार. करारही नीट वाचावा. हप्ता महिन्याचा असला तरी बांधिलकी वर्षाची असू शकते, आणि मध्येच सोडल्यास आकार पडतो. हा आकार ग्राहकांपासून दडवला जातो, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या शासनाने जून २०२४ मध्ये अडोबीवर दावा दाखल केला होता. तीन महिन्यांच्या कामासाठी बारा महिन्यांची वर्गणी भरणे व्यवहारात बसत नाही. नवे सॉफ्टवेअर आपल्या जुन्या संगणकाला पेलेल काय, हेही पाहावे. नाही तर वर्गणीच्या मागोमाग नव्या संगणकाचा खर्च उभा राहतो.

याला पर्याय आहे. गिम्प नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते निर्माण केले व १९९६ मध्ये सर्वांना खुले केले. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये निघाली. डाग काढणे, उजळणे, कातरणे ही कामे त्यात उत्तम होतात. ते शिकण्यास थोडे श्रम पडतात, एवढेच त्याचे मोल.

म्हणून आमचा सल्ला असा. उत्तम स्कॅनर मिळवून प्रत्येक छायाचित्राची इंचास ६०० ठिपके या मापाने प्रत काढावी. सहा इंच बाय चार इंचांच्या चित्राचे असे ८६,४०,००० ठिपके होतात व टिफ पद्धतीने ते सुमारे २६ एमबी जागा घेते. सव्वाशे चित्रे सव्वातीन जीबीत मावतात. ही मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवावी व तिला कधीही हात लावू नये. दुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावी. मग सर्वांत अवघड अशी तीन चित्रे निवडून चिरंजीवांनी ती आधी गिम्पमध्ये दुरुस्त करून पाहावीत, आणि नंतर विकतच्या सॉफ्टवेअरच्या विनामूल्य चाचणीच्या मुदतीत तीच तीन चित्रे पुन्हा करावीत. दोन्ही घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत. त्यांना फरक दिसला नाही, तर पैसे वाचले. चेहऱ्यावर फाटलेली पाच चित्रे मात्र जाणत्या छायाचित्रकाराकडे द्यावीत. सोनारानेच कान टोचावेत. चिरंजीवांना पुढे हाच व्यवसाय करावयाचा असेल, तर गोष्ट निराळी. मग वर्गणी हे भांडवल ठरते.

एक काम मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने होणारे नाही. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर कोठे मोडीत, कोठे तमिळ लिपीत नावे व साल लिहिलेले आढळते. पाठीचीही प्रत काढावी. ज्यांवर काही लिहिलेले नसेल, ती छायाचित्रे घेऊन घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे, कोण, कोठे, कधी, हे विचारावे आणि त्याच दिवशी टिपून ठेवावे. सॉफ्टवेअर पुढील वर्षी अधिक चांगले निघेल व कदाचित स्वस्तही होईल. या कामाला तसा अवधी नाही. तंजावरच्या भगिनींनी आरंभ येथूनच करावा.