‘लॅबमध्ये सिद्ध’ म्हणजे औषध नव्हे

गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये काम करणारे गृहस्थ रात्रपाळी संपवून थेट माझ्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एचआयव्हीसाठी त्यांना सरकारी एआरटी केंद्रातून अटाझानावीर आणि रिटोनावीर ही औषधे मोफत मिळतात. त्यांनी खिशातून चूर्णाची पुडी काढली आणि सोबत घडी घातलेला एक कागद.

“सर, हे सुरू केलं तर त्या गोळ्या बंद करता येतील का? यात केमिकल नाही, आणि लॅबचा रिपोर्टपण आहे.”

मी कागद नीट वाचला. चूर्णाचा अर्क एचआयव्हीच्या ‘प्रोटिएज’ या एन्झाइमवर टाकला, एन्झाइमचे काम मंदावले, एवढेच त्यात होते. ते खरे असूही शकेल, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. धडधडीत खोटे बोलणाऱ्याला लोक ओळखतात, पण अर्धवट खऱ्या कागदापुढे शिकलेली माणसेही फसतात.

प्रोटिएज म्हणजे प्रथिने कापणारी कात्री. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरल्यावर त्याची प्रथिने एका लांबलचक साखळीच्या रूपात तयार होतात. ही कात्री तिचे ठरावीक जागी तुकडे करते, तेव्हा कुठे नवा विषाणू पक्का होतो. कात्री बंद पाडली तर बाहेर पडणारे विषाणू कच्चे राहतात आणि पुढच्या पेशीला लागण करू शकत नाहीत. अटाझानावीर हेच काम करते. कात्री अडवणाऱ्या अशा रसायनांना प्रोटिएज इनहिबिटर म्हणतात.

प्रयोगशाळेत अशी रसायने रोजच्या वापरात असतात. पेशी फोडली की तिच्याच कात्र्या आतली प्रथिने कापू लागतात, म्हणून संशोधक आधीच इनहिबिटरचे मिश्रण घालून ठेवतात. त्यातले पीएमएसएफ विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळावे लागते. दुसरे पेप्स्टॅटिन, जपानमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले. ते एचआयव्हीची कात्रीसुद्धा परीक्षानळीत अडवते. मग ते आम्ही रुग्णांना का देत नाही? कारण ते पेशीत नीट शिरत नाही. शिवाय आपल्या पोटातले पेप्सिन त्याच घराण्यातले आहे आणि पेप्स्टॅटिन त्यालाही सोडत नाही.

पुण्यातलेच उदाहरण घ्या. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माला राव यांच्या गटाने एका जिवाणूपासून मिळवलेला छोटा पेप्टाइड एचआयव्हीचे प्रोटिएज कसे निष्क्रिय करतो, याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तम काम. तरीही त्याची गोळी आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. यात त्या शास्त्रज्ञांचा काही दोष नाही, औषध झाल्याचा दावा त्यांनी केलाच नव्हता. परीक्षानळीपासून रुग्णापर्यंतचा रस्ताच तेवढा लांब आणि खडतर असतो.

किती खडतर? सॅक्विनावीर हे या गटातले पहिले मान्यताप्राप्त औषध, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये आले. परीक्षानळीत जबरदस्त. पण १०० मिलिग्रॅम गिळले तर रक्तात पोहोचायचे जेमतेम ४, बाकीचे आतडे आणि यकृत वाटेतच निकामी करायचे. पुढे लक्षात आले, की रिटोनावीर यकृतातल्या त्या औषधमोड्या एन्झाइमलाच अडवते. म्हणून आजही अटाझानावीरच्या जोडीला थोडे रिटोनावीर असते. एक इनहिबिटर विषाणूसाठी आणि दुसरा पहिल्याला वाचवण्यासाठी!

आता पुडीकडे येऊ. बऱ्याच झाडपाल्यात, हिरड्यात, बाभळीच्या सालीत, अगदी कडक चहातही टॅनिन असते. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटते, आणि एन्झाइम हेही प्रथिनच. त्यामुळे असा अर्क परीक्षानळीत कितीतरी एन्झाइम ‘अडवतो’. त्यावरून चहाने एचआयव्ही बरा होतो असे म्हणायचे का?

“नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?” हा नेहमीचा प्रश्न. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लसणाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या रक्तात सॅक्विनावीर निम्म्यावर आलेले दिसले. भाजीतल्या फोडणीने घाबरू नका, पण कॅप्सूल आणि चूर्णे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि एकट्या चूर्णांनाच का बोल लावायचा? मेडिकलमधून मनाने आणलेली ॲसिडिटीची गोळीही घातक ठरते. अटाझानावीर शोषले जायला पोटात आम्ल लागते, पँटोप्राझोलसारखी गोळी तेच कमी करते. माझ्या मते आपल्या पट्ट्यात पुडीपेक्षा ही गोळीच जास्त नुकसान करत असावी. पाळ्या, कँटीनचे तेलकट खाणे, छातीत जळजळ. मग कोण कोणाला विचारतो?

कोविडची आठवण असेलच. तेव्हा एचआयव्हीचेच लोपिनावीर-रिटोनावीर करोनावर चालेल अशी मोठी आशा होती, आपल्या देशातही ते वापरले गेले. पण करोनाची कात्री वेगळ्या घडणीची. २०२० मध्ये मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही आणि ते बाजूला ठेवले गेले. नामांकित औषधालाही हीच परीक्षा द्यावी लागली, मग पुडीला सूट का?

भोसरीच्या एमआयडीसीत पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपली ‘नारी’, १९९२ पासून उभी आहे. तिच्या फाटकावरून रोज हजारो कामगार जातात. एचआयव्हीवरचे संशोधन इतक्या जवळ असलेल्या शहरात असा कागद दाखवून पुडी विकली जाते, याची मला लाज वाटते. अशा कागदावर ‘ही चाचणी माणसांवर झालेली नाही’ हे वाक्य ठळक मराठीत छापणे कायद्याने सक्तीचे हवे.

त्या गृहस्थांना मी गोळ्या चालूच ठेवायला सांगितले. मध्येच थांबवल्या तर विषाणू पुन्हा वाढतो, दाद न देणारा होऊ शकतो, आणि पुढचे पर्याय मोजकेच उरतात. घरात असेल ते प्रत्येक औषध, पुडी, बाटली पिशवीत घालून एआरटी केंद्रात दाखवा म्हटले, व्हायरल लोडची तारीखही विचारा. पुडीचे त्यांनी २४०० रुपये मोजले होते. “परत देतील का सर?” एवढेच त्यांनी विचारले. ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी त्यांच्या वरच्या खिशात होती.